घाणेरीची कुळकथा

गेल्या वर्षीं आमच्या परसांतील घाणेरीचें झुडूप आम्हीं कोयत्यानें बुंध्याशीं छाटलें, व शेजाऱ्यांस तें मोठ्या दिमाखानें दाखविलेंही. पाऊस पडून चार आठवडे होतात न होतात तोंच एका खोडाच्या जागीं दहा धुमारे उभे राहिले! ज्या शत्रूनें आमचा असा पाडाव केला, त्याचें कुळ तरी काय, हें पाहण्यासाठीं आम्हीं चार ग्रंथ चाळले.

घाणेरी, किंवा कोठें कोठें म्हणतात ती टणटणी, ही सह्याद्रीचीच लेक असावी असा पुष्कळांचा समज असतो. तिच्या फुलांतील मध लहानपणीं कोणीं चोखला नाहीं? वस्तुतः ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. सतराव्या शतकांत डच लोकांनीं ती यूरोपांत नेली. एकाच गुच्छांत पिवळीं, नारिंगी व तांबडीं फुलें पाहून तिकडील शौकीन वेडे झाले, आणि तेथील माळ्यांनीं संकर करकरून तिचे शेंकडों प्रकार घडविले. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आली, अर्थात् शोभेसाठीं. पुढें साहेबांच्या बंगल्यांस तिचें कुंपण आलें. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, लावलें तर यकृत बिघडून आजारी पडतात. असें कुंपण कोणास नको असेल? परंतु बुलबुलांस कुंपणाची मर्यादा ठाऊक नाहीं. काळीं फळें खाऊन त्यांनीं बी रानोमाळ नेलें.

येथें निवडुंगाची गोष्ट आठवते. तोही अमेरिकेचाच. १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या आशेनें ब्राझीलहून बंगालमध्यें किडे आणले, ते भलत्याच जातीचे निघाले. रंग बेताचाच मिळाला; मात्र निवडुंगाची एक जात त्यांनीं फस्त केली! दक्षिणेंत दुसरी जात माजली होती. तिच्यासाठीं १९२६ सालीं सीलोनहून दुसरे किडे आणले, आणि थोड्याच वर्षांत माळचे माळ मोकळे झाले.

हाच प्रयोग घाणेरीवर कां साधूं नये? १९०२ सालीं हवाई बेटांकरितां मेक्सिकोंत तिच्या शत्रुकीटकांचा शोध झाला होता. १९२१ सालीं फळांत अंडीं घालणारी एक माशी हिंदुस्थानांत आली. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियाहून पानांचा रस शोषणारा एक किडा डेहराडूनला परीक्षेसाठीं आणला. तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगतो असें दिसतांच तेथील शास्त्रज्ञांनीं घाबरून सारे किडे मारले. तरी कांहीं निसटलेच, आणि पुढें दूरवर पसरले. सागाचें कांहीं बिघडलें नाहीं, घाणेरीचेंही नाहीं!

याचें एक मोठें कारण आम्हांस तिच्या कुळांतच दिसतें. निवडुंग रानचा होता. त्याचें माहेर सांपडलें, तसा वैरीही सांपडला. घाणेरी माळ्यांच्या हातची आहे. इतक्या संकरांतून निघालेल्या या झुडपाला एक असें माहेरच उरलें नाहीं; एका प्रकारावर पोसलेला किडा दुसऱ्यावर उपाशी मरतो.

तेव्हां उरली कुदळ. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनीं घाणेरीचे धुमारे कोठून फुटतात याचा शोध घेतला. ते फुटतात खोड व मूळ यांच्या सांध्यापासून. दूरच्या मुळ्यांपासून नव्हे. म्हणून मुख्य मूळ जमिनीखालीं ३ ते ५ सेंटिमीटरांवर तोडावें, व झुडूप उपटून उलटें टाकावें, म्हणजे तें पुन्हा रुजत नाहीं. कॉर्बेटच्या व्याघ्रवनांत ही रीत अनुभवास आली आहे. आमचा कोयता दोन बोटें वर चालला होता, एवढीच काय ती चूक! मात्र बी मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतें, आणि पांखरें नवें आणतच असतात. त्यामुळें त्यांच्या बसण्याच्या झाडांखालीं दर पावसाळ्यांत हिंडून, रोपें फुलण्यापूर्वींच उपटावीं लागतात.

आमच्याकडे बुलबुलांची बैठक पेरूवर असते. आज सकाळीं त्याखालीं अकरा रोपें निघालीं.