ऑनलाइन औषधखरेदी : रुग्णाजवळ कोणती कागदपत्रे असावीत?

तंजावर शहराच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु हे संतकवी व संगीतकार त्यागराज यांचे गाव म्हणून देशभर परिचित आहे. दरवर्षी पुष्य बहुल पंचमीला होणाऱ्या आराधना उत्सवासाठी तेथे दूरदूरचे रसिक येतात आणि त्यांत वयोवृद्ध मंडळींची संख्या मोठी असते. मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासात संपल्या, तर भ्रमणध्वनीवरून त्या मागवण्याचा मार्ग आज सहज सुचतो. मात्र औषधाची मागणी नोंदवणे सोपे झाले असले, तरी त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची अट शिथिल झालेली नाही.

तंजावरला वैद्यकीय नोंदींची परंपरा जुनी आहे. मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधनिर्मिती व उपचारांची व्यवस्था उभारली. तेथील नेत्ररुग्णांची माहिती देणारी टिपणे आणि डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रुग्ण कोण, विकार कोणता आणि उपचार काय केला, हे लिहून ठेवण्याचे महत्त्व त्या काळीही ओळखले गेले होते. आजच्या औषधविषयक नियमांमागेही हेच तत्त्व आहे.

चिठ्ठीवर काय असावे?

औषधांच्या किरकोळ विक्रीचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे औषध नियम यांद्वारे होते. नियम ६५ नुसार डॉक्टरांची चिठ्ठी लेखी असावी लागते. तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाची एकूण मात्रा आणि ते किती प्रमाणात घ्यावयाचे याचा उल्लेख आवश्यक असतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही चिठ्ठीवर असावा, अशी वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेची अपेक्षा आहे.

चिठ्ठीत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तिच्यावर औषध एकदाच देता येते. विक्रेत्याने औषध देताना चिठ्ठीवर स्वतःचे नाव, पत्ता व तारीख नोंदवावयाची असते. त्यामुळे दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाने औषध किती वेळा वा किती काळ द्यावे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीतच लिहून घेणे हिताचे ठरते. तसेच अनुसूचीतील औषधाच्या जागी विक्रेत्याला परस्पर दुसरे औषध देता येत नाही.

तीन अनुसूची, तीन पायऱ्या

अनुसूची 'एच' मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अनुसूची 'एच-१' ही २०१३ मध्ये अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून लागू झाली. प्रभावी प्रतिजैविके, क्षयरोगावरील काही औषधे आणि सवय लागू शकणारी काही औषधे तिच्यात येतात. यांच्या विक्रीसाठी विक्रेत्याला स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहून ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची 'एक्स' मधील औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत विक्रेत्याकडे दोन वर्षे राहते.

प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर झाल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. झोपेच्या वा वेदनाशामक गोळ्यांचे व्यसनही जडू शकते. हे धोके टाळणे हाच या नोंदींचा हेतू आहे.

घरपोच सेवेचे नियम

कोविड साथीच्या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २६ मार्च २०२० रोजी आदेश काढून परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा दिली. चिठ्ठी ई-मेलने स्वीकारण्यासाठी दुकानदाराने आपला ई-मेल पत्ता परवाना अधिकाऱ्यांकडे नोंदवावा, दीर्घकालीन आजारात चिठ्ठी दिल्यापासून ३० दिवसांच्या आत आणि तात्कालिक आजारात ७ दिवसांच्या आत ती सादर व्हावी, बिल ई-मेलने पाठवावे व व्यवहाराची नोंद ठेवावी, अशा अटी त्यात होत्या. अमली व मनोप्रभावी पदार्थ तसेच 'एच-१' आणि 'एक्स' अनुसूचीतील औषधे या सवलतीतून वगळण्यात आली.

दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यात असावेत, ही अटही त्यात होती. तिरुवैयारुसारख्या ठिकाणी तिचा अर्थ नीट उमजतो. हा तालुका तंजावर जिल्ह्यात येतो, तर उत्तरेकडे कोळ्ळिडम नदीपलीकडे अरियलूर जिल्हा सुरू होतो. त्यामुळे पैलतीरावरचे दुकान जवळ असले, तरी त्या आदेशाचा लाभ त्याला तिरुवैयारुतील घरासाठी घेता येत नव्हता.

परराज्यातील डॉक्टरांची चिठ्ठी

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर भारतातील कोणत्याही भागातील रुग्णाला सल्ला देऊ शकतात. सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र वा डिजिटल प्रत रुग्णाला पाठवता येते. काही औषधे मात्र पहिल्याच सल्ल्यात दृक्‌श्राव्य भेटीशिवाय लिहिता येत नाहीत आणि अनुसूची 'एक्स' मधील औषधे अशा सल्ल्यातून देण्यास मनाई आहे.

पुणे वा नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी तमिळनाडूत दाखवताना एक व्यावहारिक अडचण येते. मात्रेविषयीच्या सूचना मराठीत असल्यास तेथील विक्रेत्याला त्या वाचता येत नाहीत. औषधांची नावे मूळ जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ पासून आचारसंहितेत आहे. मात्राही इंग्रजीत लिहून घेतल्यास चुकीला वाव राहत नाही.

न्यायालयातील वाद

संकेतस्थळांवरून होणारी औषधविक्री प्रदीर्घ काळ वादाचा विषय राहिली आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये स्नॅपडील या संकेतस्थळावरील औषधविक्रीप्रकरणी गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले होते. केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये ई-फार्मसीसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा विक्रीला मनाई केली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठानेही नियम होईपर्यंत विक्री थांबवण्याचा आदेश दिला. मात्र जानेवारी २०१९ मध्ये खंडपीठाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. मसुदा त्यानंतरही अनेक वर्षे अंतिम झाला नाही.

रुग्णांनी घ्यावयाची दक्षता

चिठ्ठी न मागता अनुसूचीतील औषध देऊ करणारे संकेतस्थळ टाळावे. बिलावर दुकानाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे आणि औषधाचा तुकडी क्रमांक व वापराची मुदत वेष्टनाशी ताडून घ्यावी. मूळ चिठ्ठी, बिल आणि अलीकडचे तपासणी अहवाल एकत्र ठेवावेत. परगावी प्रकृती अचानक बिघडल्यास समोरच्या अनोळखी डॉक्टरांना रुग्णाचा पूर्वेतिहास याच कागदांवरून कळतो.