लोखंडी नांगर आणि आपलं दुकान

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून आपण किती वेळा जातो! साड्या बघायला, लग्नाची खरेदी करायला, नाहीतर सहजच. पण किर्लोस्कर म्हणजे कोण, असं घरातल्या मुलींना विचारून बघा. कुणी म्हणेल नाटकवाले, कुणी म्हणेल पंपवाले. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही आपल्या जिल्ह्यातली आहेत. ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आणि कारखाना काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच. या लेखात मला सांगायची आहे ती लक्ष्मणरावांची गोष्ट. आपल्या महिला मंडळात आता प्रत्येक बैठकीला एखादी तरी विचारते, “वहिनी, मसाला करून विकायचा म्हणते, जमेल काय?” तिला माझं उत्तर या गोष्टीत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, पण मन रमलं यंत्रांत. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. या दोघा भावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि त्यावर ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ अशी पाटी लावली. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवत, रामूअण्णा इथं विकत. त्या काळात सायकल ही सामान्य माणसाची वस्तू नव्हती. बघायला गर्दी व्हायची, घ्यायला मोजकीच माणसं पुढं यायची. आणि ज्यानं घेतली त्याला चालवता कुठं येत होती! म्हणून भावांनी सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची असं ठरवलं. शिकवणीचे वेगळे पैसे घेत.

यातली युक्ती बायकांना लगेच कळते. नवी सून घरात प्रेशर कुकर घेऊन आली तेव्हा सासूबाई त्याला हात लावत नव्हत्या, हे आपण घरोघरी पाहिलंय. वस्तू चांगली असून भागत नाही. ती वापरायची भीती गेली पाहिजे, आणि ती घालवायचं काम विकणाऱ्याचं.

मुंबईतल्या नोकरीत लक्ष्मणरावांना बढती नाकारली गेली आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन ठळकवाडीत छोटा कारखाना थाटला. ठळकवाडी म्हणजे आजची टिळकवाडी. आपल्यातल्या कितीतरी जणींची घरं तिथं आहेत. तिथं त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर करायला घेतला.

नांगराची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खरा धडा तिथंच आहे. तेव्हा इंग्लंडहून रॅन्सम कंपनीचे लोखंडी नांगर येत. लक्ष्मणरावांना वाटलं, हे आपण इथंच करू. लाकडी नांगर माती वरवर ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथून टाकतो, हरळीची मुळं उपटून काढतो. हरळीनं गांजलेल्या शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? पण नांगर तयार झाला आणि पडून राहिला. शेतकरी म्हणू लागले, लोखंडानं जमिनीला विष चढेल, काळी आई नापीक होईल. पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षं लागली.

आपण शिकलेली माणसं या विषाच्या गोष्टीला हसतो. मला मात्र त्या शेतकऱ्याचं म्हणणं समजतं. मी शेतकऱ्याच्या घरची लेक. इकडचे आपले जैन बहुतेक करून शेतीवरच जगलेले. बाकीच्या देशात जैन म्हटलं की दुकान आणि तराजू डोळ्यांपुढं येतो, बेळगाव, सांगली, कोल्हापूरकडं मात्र बैलजोडी येते. लाकडी नांगर गावच्या सुतारानं केलेला असायचा. त्याला रोख पैसे लागत नसत. सुगीला बलुतं म्हणून धान्य दिलं की वर्षभराची दुरुस्ती त्यातच. मोडला तर सुतार शेजारच्या आळीत. लोखंडी नांगराला मात्र रोकड मोजायची, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर कुणाकडं जायचं? ‘विष चढेल’ या शब्दांमागं ही सगळी काळजी होती. गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा ते पुष्कळदा खरं कारण सांगत नाही, सोपं कारण सांगतं. खरं कारण आपणच शोधायचं असतं.

लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर चिडून बसले नाहीत. फाळ विलायती नांगराइतका कडक नाही, अशी तक्रार आली तेव्हा त्यांनी ती खोटी ठरवायची खटपट केली नाही. ओतीव लोखंड कडक कसं करायचं याचा अभ्यास केला आणि नांगर सुधारला. माल न खपणं ही एक गोष्ट आणि खपलेल्या मालाची तक्रार येणं ही दुसरी. पहिल्यापेक्षा दुसरी जास्त कामाची, कारण त्यात काय सुधारायचं ते लिहिलेलं असतं. आपल्याकडं उलटं होतं. एकीनं म्हटलं “चकली जरा वातड झाली हं”, की दुसऱ्या दिवशी धंदा बंद! चकलीवाली रुसलेली आणि ऐकवणारीशी बोलणं बंद.

मग आलं दुसरं संकट. गाव वाढवायचं म्हणून बेळगावच्या नगरपालिकेला ठळकवाडीची जागा हवी झाली आणि कारखाना हलवावा लागला. उभा केलेला कारखाना, त्यातली यंत्रं, हाताखालची माणसं घेऊन जायचं कुठं? लक्ष्मणरावांनी औंधच्या अंबाबाईच्या देवळाच्या सभामंडपाचं काम केलेलं होतं. औंधच्या पंतप्रतिनिधींना, म्हणजे बाळासाहेब महाराजांना, त्यांचं काम आणि सचोटी माहीत होती. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि कर्जही दिलं. १९१० साली त्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. माळ कसला, निवडुंगाचं रान आणि त्यात साप. पंचवीसेक कामगार आपल्या बायकामुलांसह तिथं राहायला गेले.

पुस्तकात हे एका वाक्यात येतं. मला मात्र त्या बायका दिसतात. बेळगावसारखं गाव सोडून, माहेर लांब करून, निवडुंगाच्या माळावर चूल मांडणाऱ्या. पाणी किती लांबून आणायचं, रात्री मूल बाहेर गेलं तर काय, याचा हिशेब त्यांनी केला असेल. कंपनीच्या इतिहासात त्यांची नावं नाहीत. धंद्याच्या भांडवलात आपण पैसा मोजतो, जागा मोजतो, यंत्रं मोजतो, आणि घरातल्या बाईनं काढलेले दिवस मोजायचे राहून जातात.

आता या गोष्टीतला आपल्या समाजाचा धागा सांगते. या काळात नांगर विकायला गावोगाव माणसं फिरत. त्या फिरणाऱ्यांत कुंभोजचा एक जैन तरुण होता, भाऊराव पाटील. होय, तेच कर्मवीर भाऊराव! रयत शिक्षण संस्था काढण्याआधी त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रीचं काम केलेलं आहे. १८९९ साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तेव्हा आपल्या शेतकरी समाजात शिक्षणाची भूक जागी होत होती. भाऊराव त्याच हवेत वाढले. विकायला फिरणारा माणूस ज्या वाटांनी फिरतो त्या वाटांवरच त्याला लोक कळतात. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगर समजावणाऱ्याला त्या घरातलं शाळेत न गेलेलं पोरही दिसतं. १९१९ साली भाऊरावांनी काले इथं रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. आणि बोर्डिंगमधल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. लक्ष्मीबाईंचं नाव आपल्याकडं निदान घेतलं तरी जातं. त्या पहिल्या कामगारांच्या बायकांना तेवढंही मिळालं नाही.

किर्लोस्करवाडीनं मालाची ओळख करून देण्यासाठी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्या सगळ्यांच्या घरात पोचली. १९२० साली कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं पत्रक सुरू झालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. कारखान्याची बातमी आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यायची, एवढाच मूळ हेतू. पण शंकररावांना वाचक कळत होता. सारखं ‘आमचा माल घ्या’ म्हणणारा पाहुणा कुणाला आवडतो? म्हणून त्यात गोष्टी आल्या, लेख आले, नवे विचार आले. पत्रकाचं मासिक झालं, आणि १९३० साली खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक निघालं. माझ्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे जुने अंक लुगड्यांच्या खाली ठेवलेले असत. दुपारी सगळे झोपले की काढायच्या. नांगर खपवण्यासाठी निघालेल्या पत्रकाच्या पोटी असं मासिक जन्माला आलं, जे वाचून कितीतरी बायकांना पहिल्यांदा वाटलं, आपलंही काही म्हणणं आहे.

पुढं उसाचे चरक आले, पंप आले, इंजिनं आली, पुण्यात आणि बंगळूरला नवे कारखाने झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले तेव्हा तो पसारा मोठा झाला होता. पण मला वाटतं, आपल्याला शिकायचंय ते सुरुवातीच्या वीस-बावीस वर्षांकडून. सायकल, कडबा कापायचं यंत्र, नांगर. प्रत्येक वेळी वस्तू बदलली, पण गिऱ्हाईक नीट बघायची सवय बदलली नाही. आणि दोघा भावांत काम वाटलेलं होतं. एक माल बघे, एक दुकान.

म्हणून मसाला करायला निघालेल्या माझ्या मैत्रिणीला मी तीन गोष्टी सांगते. पहिलं, दोन वर्षं पुरेल एवढा धीर आणि तेवढी खर्ची आधी बाजूला काढ. नांगरालाही तेवढी लागली होती. दुसरं, पहिल्या दहा गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः जा आणि मसाला कशात घातला, काय कमी वाटलं, ते विचारून वहीत लिही. वजन मात्र कधी मारू नको. माप कमी देणं ही चोरीच, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा ठेव. बँकेतलं खातं तुझ्या नावावर काढ, पाटीवरही तुझंच नाव घाल.

“माझं नाव कशाला, ह्यांचं घालते की,” असं ती म्हणाली. मी तिला निवडुंगाच्या माळावर चूल मांडणाऱ्या त्या बायका सांगितल्या. त्यांची नावं आज कुणालाच माहीत नाहीत. तुझं तरी राहू दे.