पहिलं बाळंतपण अपुऱ्या दिवसांचं झालं. दुसऱ्या बाळाचं कधी ठरवायचं?

बाभुळगाव (तालुका प्रतिनिधी) : बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच झालं, यवतमाळला काचेच्या पेटीत राहिलं आणि एकदाचं घरी आलं. वर्ष होत नाही तोच घरात विचारणा सुरू होते, 'आता दुसरं कधी?' पहिली मुलगी असली तर जरा लवकरच. बाईच्या मनात मात्र एकच धाक असतो, परत तसंच झालं तर?

धाक खोटा नाही. ३७ आठवडे भरायच्या आधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. एकदा असं झालं की पुढच्या वेळी तसंच होण्याचा धोका इतर बायांपेक्षा दीड ते दुप्पट असतो. तरीही बहुतेकींचं पुढचं बाळंतपण पूर्ण दिवसांचं होतं. पहिलं बाळ जितकं लवकर झालं, तितकी पुढे काळजी जास्त.

म्हणून आधी कारण शोधायचं. दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेलं कार्ड काढा. सातबारा जपून ठेवणाऱ्या घरात नेमका हाच कागद सापडत नाही! बीपी वाढल्यामुळे डॉक्टरांनी बाळ लवकर काढलं होतं की कळा आपोआप आल्या? पाणी आधी गेलं होतं का? जुळं होतं का? उत्तरावर पुढचा उपाय ठरतो. बीपीचं कारण असेल तर डॉक्टर कमी ताकदीची अॅस्पिरिन गोळी देतात. ती १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ च्या आत सुरू करावी लागते, त्यामुळे पाचव्या महिन्यात नाव नोंदवून उपयोग नाही. गोळी मनाने घ्यायची नाही. कळा आपोआप आल्या असतील तर १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉनचं औषध किंवा पिशवीच्या तोंडाला टाका, असे उपाय आहेत. पहिल्या वेळी जुळं होतं म्हणून लवकर झालं असेल, तर पुढे एकच बाळ असल्यास धोका बराच कमी होतो.

काही वेळा कारण सापडतच नाही. मग पपई खाल्ली, ग्रहण पाळलं नाही असं म्हणत सगळं सुनेच्या माथी मारलं जातं. त्यात तथ्य नाही. 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हेही चूक. पोटात वाढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच.

अंगावर काढलेले आजार मात्र खरं कारण ठरू शकतात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि तपासणी मात्र ८ टक्क्यांचीच झालेली होती. पांढरं जाणं, लघवीची जळजळ याचा इलाज दिवस जाण्याआधीच करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड बघा. विदर्भात सिकलसेल आहे, म्हणून नवरा-बायको दोघांनीही ती तपासणी करावी. खर्रा, तंबाखू, गुडाखू बंद. फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून सुरू.

अंतर किती ठेवायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाळ झाल्यावर किमान २४ महिन्यांनी पुढचा विचार करावा. म्हणजे दोन लेकरांत जवळपास तीन वर्षं. सिझर झालं असेल तर घाई आणखीच वाईट. वय पस्तिशीकडे झुकलं असेल किंवा पहिलं बाळ दगावलं असेल तर इतकं थांबायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुःखात लगेच दुसरं हवंसं वाटतं, पण शरीर भरून यायला वेळ लागतो. तोवर तांबी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन किंवा 'छाया' गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आशाताईंना विचारा. अंगावर पाजते म्हणून दिवस जात नाहीत, या भरवशावर राहू नये. पाळी यायच्या आधीही दिवस जातात.

दुसरं नकोच, असं दोघांनी ठरवलं तर तोही निर्णयच आहे. एका लेकरावर थांबलेली घरं काही उघडी पडत नाहीत.

दिवस गेले तर पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवा आणि पहिल्याच भेटीत 'आधीचं अपुऱ्या दिवसांचं झालं' हे सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. नऊ महिने खाटेवर पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं, असा पुरावा नाही. पण ओझी उचलणं, फवारणीच्या वावरात जाणं टाळा.

पोट राहून राहून कडक होणं, कंबर धरून येणं, पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या दवाखान्यात बाळ पोटात असतानाच पोहोचलेलं बरं. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान वेळेत पोहोचलं तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येतं. निघताना जुनं कार्ड सोबत घ्या.