शँपेनची पद्धत आणि पुणे जिल्ह्याची द्राक्षे

फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील पद्धतीने फेसाळ वाइन करण्याचा भारतातील पहिला मोठा प्रयत्न १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यात झाला. जुन्नर तालुक्यातील नारायणगावला इंडाज कंपनीचे संस्थापक श्यामराव चौगुले यांनी वाइनरी उभारली. त्यासाठी त्यांनी रँस येथील पायपर-हाइडसिक या १७८५ साली स्थापन झालेल्या पेढीचे तांत्रिक साहाय्य घेतले.

शँपेन हा प्रांत पॅरिसच्या ईशान्येला, सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्षशेतीला झेपेल अशा थंडीची ही जवळजवळ शेवटची सीमा. वर्षाचे सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास असते आणि वसंतातले हिमतुषार कोवळे फुटवे जाळतात. जमिनीखाली खडूचा जाड थर आहे. तो पाणी धरून ठेवतो आणि जास्तीच्या पाण्याचा निचराही करतो. पिनो न्वार, म्यूनिए आणि शार्दोने या इथल्या मुख्य जाती. थंडीमुळे मणी सावकाश पिकतात, साखर बेताची राहते आणि आंबटपणा टिकतो. फेसाळ वाइनला असाच रस लागतो.

या रसाची आधी साधी वाइन होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर व यीस्ट घालून बूच बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते, तयार झालेला वायू कोंडला जातो आणि दाब सुमारे सहा वातावरणांपर्यंत चढतो. शँपेनच्या नियमांनुसार बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने वाइन मुरावी लागते. पुढे बाटली रोज थोडी फिरवत उलटी करत नेतात, म्हणजे गाळ मानेत उतरतो. मान गोठवून बूच काढले की आतल्या दाबाने गाळाचा बर्फाळ गोळा बाहेर उडतो आणि वाइन नितळ होते.

ही कृती शिकून कुठेही नेता येते. हवामान नेता येत नाही. दख्खनची रीत पूर्वीपासूनच वेगळी. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे नोंदवले आहे. पुणे-नाशिक भागात पूर्वी वेल पांगाऱ्याच्या आधारावर चढवत. भोकरी, फकडी, साहेबी या तेव्हाच्या जाती. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्राशी निगडित असलेले डॉ. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीतून निवडलेले वाण 'चीमा साहेबी' नावाने ओळखले जाते.

जिल्ह्यातही सगळीकडे बाग जमत नाही. पुणे-सातारा रस्त्यावरील शिवरे परिसरातून पश्चिमेकडे भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे जावे तसा पाऊस वाढतो. तो भाताला मानवतो. द्राक्षावर मात्र ओलाव्याने केवडा आणि करपा येतो. म्हणून बागा पर्जन्यछायेत वाढल्या: नारायणगाव, बारामती, इंदापूर. मुरमाड निचऱ्याची जमीन आणि कोरडा हिवाळा ही त्यांची जमेची बाजू.

फ्रान्समध्ये वेलीला थंडी झोपवते. इथे वेल झोपतच नाही. तिचे वर्ष शेतकरी कात्रीने ठरवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. ती पीक देते आणि घड जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतात. अशा रीतीने दोन छाटण्यांतून एकच पीक घेतले जाते आणि पावसाळ्यातले फळ टळते. फेसाळ वाइनसाठी घड लवकर, आंबटपणा उतरण्याआधी तोडतात. हिवाळ्यातल्या थंड रात्री आंबटपणा टिकायला हातभार लावतात.

नारायणगावला शार्दोने, युनी ब्लाँ अशा फ्रेंच जाती लावल्या गेल्या. तिथली फेसाळ वाइन परदेशात 'ओमर खय्याम' नावाने गेली. पुढे कंपनी कर्जात रुतली आणि २०१०च्या सुमारास तिचा कारभार आटोपला. तोवर वाटा मात्र रुळल्या होत्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिकला वाइनरी वाढल्या आणि २०१३ मध्ये शँपेनच्याच मोएट घराण्याशी संबंधित 'शाँदों'ची फेसाळ वाइन दिंडोरीतून बाजारात आली.

शँपेनहून आलेले तंत्र महत्त्वाचे होते, यात शंका नाही. पण थंडी नसलेल्या मुलखात वेलीला वेळापत्रक घालून देणारी छाटणी ही दख्खनच्या बागायतदाराची कमाई आहे. महाराष्ट्राच्या वाइनच्या इतिहासात पहिला मान तिला द्यायला हवा.