जिवती

जिवती : महाराष्ट्र राज्याच्या चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. ते जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात माणिकगडच्या डोंगररांगेवर वसले आहे. तालुक्याच्या उत्तरेस कोरपना, पूर्वेस राजुरा हे तालुके आणि दक्षिण-पश्चिमेस तेलंगण राज्य आहे. गडचांदूरहून घाट चढून येथे येतात. पायथ्याचे लोक या साऱ्या भागाला नुसते ‘पहाड’ म्हणतात. ‘पहाडावर बदली’ हा शब्दप्रयोग सरकारी नोकरांत रूढ आहे. गावाचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतीकडे होता. आता नगरपंचायत आहे.

माणिकगड : गडचांदूर–जिवती वाटेवरचा हा गिरिदुर्ग परिसरातील एक जुनी वास्तू होय. मूळ नाव माणिक्यगड असून माणिक्यदेवी या नागवंशीयांच्या दैवतावरून ते पडले, असे सांगतात. माना जमातीच्या परंपरेनुसार वैरागड कुरुमप्रहोदाने, सुरजागड सुरजत बडवाईकाने आणि माणिकगड गहिलू या माना राजाने बांधला. ही परंपरा मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमीनमहसूल अहवालात (१८६९) नोंदवली व पुढील लेखकांनी तीच उचलली. बांधकाम काळ्या दगडाचे आहे. मुख्य दरवाजावरील नागाच्या शिल्पाचा आधार घेऊन अभ्यासक गडाचे नाते नागवंशाशी जोडतात. पुढे गड चांद्याच्या गोंड राजांकडे आला. आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘माणिकदुर्ग’ येते, ते हेच स्थान मानले जाते. आज तटावर झाडी माजली आहे. गडाच्या पायथ्याशी अमलनाला धरण आहे.

प्रशासकीय इतिहास : हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात मोडत असे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो भारतीय संघराज्यात आला. राज्यपुनर्रचनेत (१ नोव्हेंबर १९५६) राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यास जोडला गेला. जिवती तालुका नंतर वेगळा झाला. म्हणजे पहाडावरच्या एखाद्या वृद्धाने जागचे न हलता आदिलाबाद, नांदेड आणि चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांचा कारभार पाहिला. विधानसभेसाठी तालुका राजुरा मतदारसंघात आहे.

याच डोंगरांच्या दक्षिणेस जोडेघाट येथे गोंड नेते कोमाराम भीम यांनी निजामाच्या वनखात्याविरुद्ध लढा दिला व १९४० मध्ये ते मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते. त्यानंतर संस्थानाने व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या प्रश्नांचा अभ्यास सोपवला. आल्प्सच्या देशातून आलेल्या या अभ्यासकाने आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलेला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

लोक : गोंड, कोलाम आणि परधान हे येथील जुने रहिवासी. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक; उरलेल्या दोन कातकरी व माडिया गोंड. कोलामी ही द्राविडी भाषा आहे. कोलामांच्या वस्तीला येथे ‘गुडा’ म्हणतात, म्हणून पिट्टीगुडा, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी नावे. ग्रामदेवतांचे पौरोहित्य कोलामांकडे असते, गोंडही त्यांना बोलावतात. बांबूच्या टोपल्या व ताटवे विणण्यात कोलामांचा हात बसलेला आहे. दिवाळीच्या सुमारास दंडार हे नृत्यपथक निघते. मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी नर्तक गावोगाव नाचत पाहुणचार घेतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून बरीच कुटुंबे पहाडावर आली. बंजारा तांडेही आहेत. त्यामुळे जिवतीच्या बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, गोरबोली आणि तेलुगू एकाच वेळी कानावर पडतात. वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न मात्र जुना आहे. बिगरआदिवासींना वनहक्कासाठी तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो आणि उशिरा आलेल्यांकडे तो पुरावा नसतो.

सीमेवरील चौदा गावे : परमडोली, कोठा, शंकरलोधी, लेंडीजाळा, अंतापूर, येसापूर, भोलापठार आदी चौदा गावांवर महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (२०१४ पासून तेलंगण) दोघांनीही हक्क सांगितला. परिणामी दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे. मतदानाच्या तारखाही दोन : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला, तर आदिलाबादचे १३ मे रोजी झाले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही गावे राज्यात समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू असल्याचे जाहीर केले. सोयी दुहेरी असल्या तरी जमिनीचा पट्टा हीच येथील मुख्य मागणी राहिली आहे.

अर्थव्यवस्था : कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन ही पिके, मोहफुले, तेंदूपत्ता, बांबू ही वनउपज. उन्हाळ्यात पाणीटंचाई असते. पायथ्याशी गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने.

यात्रा : महाराजगुड्याच्या रानातील गुहेत जंगुबाई या देवीचे ठाणे आहे. पौष महिन्यात दोन्ही राज्यांतून गोंड, परधान व कोलाम भाविक बैलगाड्यांनी व पायी येतात आणि गुहेतील दिव्याचे दर्शन घेऊन परततात.