मारेंत्सिओची ‘सोलो ए पेन्सोसो’ ही रचना व तिचें गायन

इटालियन कवि पेत्रार्क (इ. स. १३०४–१३७४) याच्या ३६६ कवितांची एक प्रत व्हॅटिकन ग्रंथालयाच्या लातिनी हस्तलिखितांत ३१९५ या क्रमांकाखालीं आहे. तिचा कांहीं भाग लेखनिकाच्या व कांहीं खुद्द कवीच्या हातचा आहे, हें १८८६ त पिएर द नोलाक यानें ओळखिलें. यांतील ३५ वें सुनीत लुका मारेंत्सिओ यानें पांच कंठांकरितां स्वरबद्ध केलें. तें त्याच्या पंचकंठी माद्रिगालांच्या नवव्या पुस्तकांत १५९९ त व्हेनिस येथें छापलें गेलें. त्याच वर्षीं मारेंत्सिओ वारला.

शब्दांचा पाठ ठरविण्यास याहून चांगलें साधन क्वचितच मिळतें. गायनाचें तसें नाहीं. त्या काळीं प्रत्येक कंठाची वही निराळी छापीत. एक वही गहाळ झाली कीं सारी रचना पंगू होते, हें संग्राहकांस सांगणें नको. या वह्यांत स्वर आहेत, शब्द आहेत; आवाज कोठें लहान व कोठें मोठा करावा हें दाखविणारें चिन्ह मात्र नाहीं. आधुनिक प्रतींत तशीं चिन्हें दिसलीं तर तीं संपादकाचीं समजावीं.

यावरून हीं गीतें सपाट आवाजांत गात असत असें अनुमान काढणें आम्हांस मान्य नाहीं. निकोला विचेंतिनो यानें १५५५ त रोम येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, गायनांत लिहितां न येणारी एक रीत असते. शब्दांतील भावाप्रमाणें हळू व मोठ्यानें, जलद व सावकाश गावें. पुढें सुमारें १६२८ त विंचेंत्सो जुस्तिनिआनी यानेंहि मांतुआ व फेर्रारा येथील गायिकांच्या आवाज चढविण्या-उतरविण्याचें वर्णन केलें आहे. म्हणजे चिन्हें मागाहूनचीं, पण रीत जुनी.

आतां ही रीत या रचनेस कशी लावावी? कवि एकटा, विचारमग्न, ओसाड रानांतून मंद पावलें टाकीत माणसांच्या खुणा टाळीत चालला आहे. आरंभीं सर्वांत वरचा कंठ लांब, समान स्वरांनीं अर्ध्या अर्ध्या स्वरानें चढत सप्तकाच्याहि पलीकडे एक स्वर जातो, व मग उतरूं लागतो. खालचे चार कंठ याहून चपळ चालतात. चढण दिसली कीं आवाज फुगवावा असा मोह होतो. आमच्या मतें तो येथें घातक आहे: फुगलेल्या आवाजानें मंद पावलांची विजययात्रा होते. शिवाय साथीस वाद्य नसल्यानें जोर दिलेला स्वर सहज चढा लागतो आणि पुढचे अर्धे स्वर चुकतात. उंच स्वर मुळांतच ठळक ऐकूं येतो. म्हणून वरच्या कंठानें चढतांना आवाज आंवरून धरावा. खालच्यांनीं त्याहूनहि हलकें गाऊन शब्दांच्या आघातापुरताच जोर द्यावा.

आवाज मोकळा सोडावयाचाच तर तो सुनीताच्या अखेरीस, जेथें कितीहि दुर्गम वाटा धुंडाळल्या तरी मदन सोबत सोडीत नाहीं असें कवि कबूल करतो.