दात्यांची नावे वाचणाऱ्या विदुषी : कै. डॉ. शोभना गोखले

देवळाच्या जीर्णोद्धारात वर्गणीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरावयाची, ही चाल वरळीकरांना नवी नाही. महाराष्ट्रात तर ती दोन हजार वर्षांची जुनी आहे. कोणी दिले, कोठल्या गावचे, काय दिले आणि कशासाठी दिले, हे दगडावर लिहून ठेवणारे लोक याच मुंबईच्या उत्तरेस, बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात होऊन गेले. त्यांची नावे ज्यांनी वर्षानुवर्षे खपून वाचली, त्या कै. डॉ. शोभना गोखले यांची ओळख आजच्या प्रसंगी करून देणे उचित होय.

शोभनाबाईंचा जन्म २६ फेब्रुवारी १९२८ रोजी धुळे येथे झाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच निवर्तले आणि लगेच पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. उत्तर कोकणाच्या जुन्या हकिगती सांगणारी ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली प्रसिद्ध करणारे राजवाडे ते हेच. अशा गावातून आलेल्या शोभनाबाईंचे पुढील आयुष्य पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. डॉ. सांकलियांनी नावारूपास आणलेल्या तेथील पुरातत्त्व विभागात पुराभिलेख आणि जुनी नाणी हे त्यांचे विषय झाले. आरंभी त्यांनी वाकाटकांच्या लेखांतील माणसांच्या आणि गावांच्या नावांचा अभ्यास केला. नावांची ही गोडी पुढे कधी सुटली नाही.

शिलालेख वाचणे म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रथम दगड स्वच्छ धुवावयाचा, त्यावर ओला कागद चढवून ब्रशाने ठोकावयाचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत बसतो. मग वरून शाई फिरवली की अक्षरे पांढरी उमटतात. हा झाला ठसा. त्यातील ब्राह्मी अक्षरे लावावयाची आणि प्राकृताचा अर्थ बसवावयाचा, हे खरे काम त्यानंतरचे. त्यातून कान्हेरीचा दगड भरड, ठिकठिकाणी झिजलेला, आणि लेण्यांची संख्या शंभराच्या वर. वेस्ट या इंग्रजाने १८६१ साली येथील लेखांच्या नकला छापल्या होत्या. पुढे १८८३ साली ब्यूलर यांनी कित्येक लेख वाचून प्रसिद्ध केले. शोभनाबाईंनी हे सारे पुन्हा तपासून आपला ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हा ग्रंथ १९९१ साली सिद्ध केला. ग्रंथ इंग्रजीत असल्याने सामान्य वाचकाच्या हाती तो गेला नाही, एवढीच खंत. मात्र त्यांचे ‘पुराभिलेखविद्या’ हे पुस्तक १९७५ सालीच मराठीत निघालेले होते.

आता हे दाते कोण, ते पाहावे. राजे-महाराजे त्यांत थोडे. कल्याणचा सोनार सामिदत्त. त्याने पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडचा. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापारी, भिक्षुणी, गृहस्थांच्या घरच्या बायका असे सर्व थरांतील लोक आहेत. कोणी लेणे दिले, कोणी नुसते बाक. लहान दानाचे नाव लहान म्हणून वगळले, असे तेथे झाले नाही.

यज्ञ सातकर्णी राजाच्या सोळाव्या वर्षीचा एक लेख तर देवस्थानच्या विश्वस्तांनी अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. कल्याणचा व्यापारी अपरेणु याने लेणे दिलेच, शिवाय २०० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली आणि मंगलठाण गावचे शेत लावून दिले. अक्षयनीवी म्हणजे मोडावयाची नाही अशी ठेव. मूळ रक्कम तशीच राहावी आणि उत्पन्नातून भिक्षूंची सोय व्हावी. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे, असे विद्वान मानतात. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने असाच हिशेब कोरून ठेवला आहे : २००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वर्षाचे व्याज २४० होते, वाटपही २४० च. ताळेबंद बरोबर जुळतो!

कान्हेरीत आणखी एक जागा आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. डोंगराच्या कडेला, पुढे आलेल्या खडकाखाली, विटांच्या लहान लहान स्तूपांचे अवशेष आहेत. तेथे राहून गेलेल्या थेरांची ही स्मारके. त्यांच्यावरील त्रोटक लेख शोभनाबाईंनी लावले आणि त्या वीथीविषयीचा त्यांचा लेख १९८५ साली प्रसिद्ध झाला. स्तूप ढासळले होते, पण कोणता स्तूप कोणाचा हे त्या लेखांमुळे पुन्हा सांगता येऊ लागले.

ही अक्षरे दोन हजार वर्षांच्या उन्हापावसात टिकली. ती जातात ती बहुधा हौशीने केलेल्या दुरुस्तीत. जुन्या दगडावर तैलरंगाचे हात चढतात, शेंदराची पुटे बसतात, पाटी फुटली म्हणून पायात घातली जाते, फरशीखाली अक्षरे जातात. वरळीपासून फार दूर नसलेल्या परळ येथे शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०९, म्हणजे इ. स. ११८७ चा दानलेख सापडला. दान मोडील त्याला शाप देणारा हा दगड, लोक ज्याला गधेगाळ म्हणतात त्यांपैकी. तो वेळीच विद्वानांच्या नजरेस पडला, म्हणून वाचला गेला आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पोचला. असे किती दगड नजरेस न पडता भिंतीत गेले असतील, याची मोजदाद नाही. जीर्णोद्धार करताना छिन्नी लावण्यापूर्वी दगडाचा ठसा आणि छायाचित्र घेऊन ठेवण्यास एक दिवस पुरतो.

डॉ. शोभना गोखले २२ जून २०१३ रोजी पुणे येथे वारल्या. त्या वेळी त्यांचे वय ८५ वर्षांचे होते.